सगळंच हार्मोनच्या माथी नको

ताई, माझ्या १३ वर्षांच्या मुलीला टर्नर सिंड्रोम आहे. पाच महिन्यांपूर्वी इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. ‘वाढीच्या गोळ्या’ एवढंच तिला सांगितलंय. हल्ली फार चिडते, बारीकसारीक गोष्टींवर रडते. बोलण्यात कुणाला हार जात नाही, पण गणितात पहिल्यापासून अडते. मैत्रिणींनी केलेली चेष्टा तिला उशिरा कळते. तिचे बाबा म्हणतात, आळशीपणा आहे. मला वाटतं, हार्मोनचा परिणाम असावा. गोळ्या थांबवून बघू का?
– एक आई

गोळ्या परस्पर थांबवू नका. आधी तेवढं सांगते, बाकीचं निवांत बोलू.

टर्नरमध्ये दुसरं एक्स गुणसूत्र नसतं किंवा अर्धवट असतं. साधारण दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला हे असतं. बहुतेकींच्या अंडाशयांतून पुरेसं इस्ट्रोजेन येत नाही, म्हणून ते अगदी कमी मात्रेने सुरू करून दोन-तीन वर्षांत वाढवत नेतात. हाडांना ते लागतं, गर्भाशयाला लागतं आणि मेंदूलाही. अमेरिकेत ज्युडिथ रॉस आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये टर्नर असलेल्या १० ते १२ वर्षांच्या मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. इस्ट्रोजेन घेणाऱ्या मुलींचा हाताच्या कामांतला आणि नजरेने ओळखण्याच्या कामांतला वेग, औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा चांगला होता. म्हणजे गोळी तिच्या डोक्याची वैरीण नाही, उलट मदतीलाच आहे.

पण गणित गोळीने सुटणार नाही. वर्षानुवर्षं इस्ट्रोजेन घेतलेल्या मोठ्या बायकांमध्येही दिशा, अंतर, आकडे यांची अडचण बरीचशी उरते. ती मुळात गुणसूत्रातून आलेली. तिची वही एकदा शांतपणे बघा. हातच्याच्या वजाबाकीत आकडे एकाखाली एक राहतात का? की रीत बरोबर असते आणि दशकाचा आकडा शतकाखाली सरकलेला असतो? तसं असेल तर चौकटींची वही द्या आणि प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत करू द्या. शब्द ही तिची ताकद आहे, गणितही त्याच वाटेने जाऊ दे. गंमत अशी, की हे बोलणंच तिच्या मुळावर येतं. एवढी चुरुचुरु बोलणारी पोरगी साध्या भागाकाराला अडली, की ‘हिला करायचंच नाही’ असं सगळ्यांना वाटतं. तिच्या बाबांनाही तेच वाटलंय. शाळेत रीतसर तपासणी मागा, परीक्षेत जास्त वेळ मिळू शकतो का तेही विचारा.

चेष्टेचं म्हणाल, तर चेहऱ्यावरचे भाव टिपणं या मुलींपैकी अनेकींना जड जातं. तरी कान आधी तपासून घ्या. टर्नरमध्ये कानाची दुखणी आणि कमी ऐकू येणं बरंच आढळतं, आणि अर्धं वाक्य निसटलं तरीही चेष्टा उशिराच कळते.

आता चिडचिड. डोस कधी वाढला, झोप कशी होती, शाळेत काय घडलं, हे महिनाभर लिहून ठेवा. डोस वाढला की रडणं वाढतं, असं दिसलं तर डॉक्टरांना ते टिपण दाखवा, मात्रा किंवा औषधाचा प्रकार ते बदलू शकतात. थायरॉईडही तपासा, टर्नरमध्ये ते बिघडण्याचं प्रमाण जास्त असतं आणि मरगळ, उदासपणा त्यानेही येतो. उदासी आठवडेच्या आठवडे हटली नाही, किंवा ती जीव नकोसा झाल्याचं बोलली, तर वहीत लिहीत बसू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

मला मात्र तुमच्या पत्रातलं दुसरंच वाक्य टोचलं: ‘वाढीच्या गोळ्या’. तेराव्या वर्षी मुलगी स्वतःच्या शरीराची वर्गातल्या दुसऱ्या मुलींशी तुलना करतेच. आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, हेही तिला जाणवत असणार. रडण्याचं मूळ तिथेही असू शकतं. आजाराचं नाव तिला सांगा, गोळी कशासाठी ते सांगा. एका बैठकीत सगळं संपवायला नको. मला मूल होईल का, असं तिने विचारलं तर खोटं बोलू नका. आपोआप होणं अवघड असतं, पण दुसरे मार्ग आहेत, इतकं सरळ सांगा. पुढच्या तपासणीला तिचे प्रश्न तिलाच कागदावर लिहू द्या, आणि थोडा वेळ तुम्ही दोघं बाहेर बसून तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या.