हृदयाच्या स्नायूतलं मायोसिन बाइंडिंग प्रोटीन-सी नेमकं काय करतं?

आकुंचनाला ब्रेक लावतं, आणि गरज पडली की तोच ब्रेक सैल होतो. हे प्रोटीन स्नायूतल्या जाड तंतूंवर बसून मायोसिनची (स्नायू ओढणाऱ्या प्रोटीनची) डोकी आवरून धरतं, म्हणून ती सगळी एकदम पातळ तंतूंतल्या अ‍ॅक्टिन प्रोटीनला जाऊन भिडत नाहीत. धावताना किंवा घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलिन वाढतं, मग पीकेए हे एन्झाइम या प्रोटीनवर फॉस्फेट चढवतं. पकड ढिली होते, ठोका जोरात पडतो आणि स्नायू सैलही लवकर होतो (हे दुसरं बरेच जण विसरतात). मात्र आकुंचन सुरू-बंद करणारा मुख्य स्विच कॅल्शियम आणि त्याला धरणाऱ्या ट्रोपोनिन या प्रोटीनचाच. मायोसिन बाइंडिंग प्रोटीन-सी बनवणाऱ्या एमवायबीपीसी३ जनुकातला डीएनएच्या २५ अक्षरांचा तुकडा भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत गळलेला असतो. त्याने हृदयविकाराचा धोका वाढतो, पण प्रत्येकाला आजार होतोच असं नाही.