यांत्रिक कार्यक्षमता: पुस्तकातले 85 टक्के रस्त्यावर कुठे जातात?

तुमचा प्रश्न असा: पुस्तकात इंजिनची यांत्रिक कार्यक्षमता (सिलिंडरमध्ये तयार झालेल्या पॉवरपैकी शाफ्टवर पोचणारा हिस्सा) 80 ते 90 टक्के दिलेली असते, मग 125 सीसीच्या बाइकची ती घरच्या घरी आणखी वाढवता येईल का, आणि ऑइलमध्ये ओतायच्या बाटल्यांनी फरक पडतो का?

मी भोसरीत बोअरिंग-होनिंगच्या (सिलिंडर आतून कापून-घासून नीट करायच्या) शॉपमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्या जोरावर सांगतो. पुस्तकातला आकडा फुल लोडचा असतो. डिप्लोमाला आम्ही मोर्स टेस्ट करायचो. चार सिलिंडरच्या इंजिनात एकेकाची ठिणगी तोडायची, लोड कमी करून आरपीएम परत जागेवर आणायचे आणि पॉवर किती पडली ते मांडायचं. समजा चारही चालू असताना शाफ्टवर 20 किलोवॅट मिळाले, एक तोडल्यावर 14. तोडलेल्याचं घर्षण चालूच राहतं, म्हणजे पडले ते त्याने आत तयार केलेले सगळे: एकाचे 6, चौघांचे 24. मधले 4 घर्षणाने आणि पंपांनी खाल्ले. कार्यक्षमता 83 टक्के. आता त्याच आरपीएमला शाफ्टवरून फक्त 4 किलोवॅट घ्या. खाणारे 4 तसेच राहतात (पेट्रोल इंजिनात थ्रॉटल मिटल्यावर हवा ओढायचे कष्ट उलट वाढतात), म्हणजे फार तर 50 टक्के. सिग्नलला गाडी नुसती गुरगुरत ठेवलीत तर चक्क शून्य! पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या या बाबतीत सारख्याच.

म्हणून घरच्या घरी हातात आहे ते एवढंच: आरपीएम उगाच चढवू नका, इंजिन धडधडणार नाही इतपत वरचा गिअर टाका, लांबच्या सिग्नलला बंद करा.

इंजिनच्या आतल्या घर्षणात सगळ्यात मोठा वाटा पिस्टन आणि रिंगांचा. त्यावर कंपन्या कमी ताणाच्या रिंगा, रोलर रॉकर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीला घासण्याऐवजी फिरणारं चाक) असले उपाय करतात. ते घरी जमणारे नाहीत. 'अजून गुळगुळीत करू' हा मोहही नको. सुरुवातीला मी एक बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आरशासारखा चकाचक केला होता. महिन्याभरात गाडी निळा धूर सोडत परत आली. होनिंगच्या तिरप्या जाळीत ऑइल धरून राहतं, तीच मी पुसून टाकली होती.

बाटल्या घेऊ नका. तुमचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. घसरण वाढवणारं काही ओतलंत तर आधी तोच घसरेल. कारचं पातळ ऑइलही त्याच कारणाने नको. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घ्या आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) छापलंय का ते बघा.