मुतखड्याचं ऑपरेशन योजनेतून करायचंय? सर्जन नंतर, आधी आरोग्यमित्र

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडिलांच्या डाव्या किडनीच्या नळीत खडा अडकलाय, बार्शीतल्या ज्या डॉक्टरांना दाखवता त्यांनी दुर्बिणीतून काढायला सांगितलंय, आयुष्मान कार्ड काढलेलं आहे, पण डॉक्टर म्हणतात "आमच्याकडे कार्ड चालत नाही". तर जवळपास कार्ड घेणारा चांगला सर्जन कोण?

नाव मी सुचवणार नाही, कारण गावातल्या लोकांची महात्मा फुले जनआरोग्य योजनेची (राज्याची मोफत उपचारांची योजना, आयुष्मान कार्ड आता हिलाच जोडलंय) कामं बरीच वर्षं करताना एक गोष्ट पक्की कळली आहे: कार्ड डॉक्टर घेत नाही, हॉस्पिटल घेतं. तेही सगळ्या आजारांसाठी नाही. एखादं हॉस्पिटल हाडांसाठी पॅनेलवर, म्हणजे योजनेच्या मान्य यादीत असतं, पण युरोलॉजीसाठी (मूत्रमार्गाच्या आजारांसाठी) नसतं. बाहेर महात्मा फुले योजनेचा भलामोठा बोर्ड असतो आणि मुतखड्याच्या पेशंटला आतून परत पाठवतात, ते यामुळे. त्यात खोटेपणा असतोच असं नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न तुमच्याच डॉक्टरांना विचारा. "डॉक्टर, तुम्ही योजनेतल्या कुठल्या हॉस्पिटलला ऑपरेशनला जाता का?" तालुक्याच्या गावातले बरेच सर्जन स्वतःच्या दवाखान्यात योजना घेत नाहीत, पण सोलापूरला किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलला व्हिजिटवर जातात. तिथं तेच हात, तीच दुर्बीण, आणि बिल योजनेचं. विचारायला लाजू नका. डॉक्टर आपणहून सांगत नाहीत, विचारलं की बहुतेक जण सांगतात.

ते जमलं नाही तर १५५३८८ ला फोन लावा (दुसरा नंबर १८००२३३२२००, दोन्ही टोल-फ्री). जिल्हा आणि आजार सांगितला की पॅनेलवरची हॉस्पिटलं सांगतात. ही यादी मात्र शेवटचा शब्द समजू नका. यादीतल्या हॉस्पिटलला स्वतः फोन करा आणि "तुमच्याकडे योजना चालते का?" असं मोघम विचारू नका. रिसेप्शनवरची मुलगी "हो, चालते" किंवा "सध्या बंद आहे" यातलं जे तोंडात येईल ते सांगते. फोन आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या माणसाला, द्यायला सांगा आणि विचारा: युरोलॉजी तुमच्याकडे योजनेत आहे का, दुर्बिणीतून खडा काढायच्या केस सध्या घेताय का, आणि सर्जन कुठल्या वारी असतात. या तीन उत्तरांत तुमची एक चक्कर वाचते.

हा आरोग्यमित्र योजनेतल्या हॉस्पिटलातच बसतो. बहुतेक ठिकाणी दाराजवळच टेबल असतं. ओपीडीची चिठ्ठी फाडायच्या आधी त्याच्याकडे जा. तुमची नोंद तो करतो, कागद तो चढवतो, मंजुरीही त्याच्यामार्फतच येते. वडिलांचं आधार, रेशनकार्ड, सोनोग्राफी किंवा सीटीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. वडील स्वतः हवेत, अंगठा लावावा लागतो. आधारवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं, असं असेल तर ते आजच बघा. "बाबुराव" आणि "बाबू" यावरून अडलेली केस मी पाहिली आहे.

रेशनकार्ड केशरी की पांढरं, याची चिंता आता करू नका. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना ही योजना लागू आहे आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख आहे. आधी ती दीड लाख होती. त्या काळचे "पांढऱ्या कार्डाला मिळत नाही" हे सल्ले अजून फिरताहेत, ते सोडून द्या. घरात कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर त्यांचं आयुष्मानचंच वय वंदना कार्ड वेगळं निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

पैशांबाबत एक गोष्ट कडक पाळा. ही योजना कॅशलेस आहे. "आता भरा, मंजुरी आली की परत देऊ" असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा आणि आरोग्यमित्राला गाठा. स्वतः भरून नंतर योजनेकडून वसूल करू, हा हिशेब इथं जमत नाही. मंजूर पॅकेजात ऑपरेशन, भूल, औषधं, बेड, पेशंटचं जेवण सगळं धरलेलं असतं. "लेझरचे वेगळे" किंवा "चांगल्या नळीचे वेगळे" असं म्हणाले तर लेखी मागा. लेखी मागितल्यावर ही मागणी बऱ्याचदा आपोआप विरते. नाही विरली तर वरच्याच नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. खाजगीवाल्यांचंही अगदीच चुकतं असं मी म्हणणार नाही, पॅकेजचे दर कमी आणि पैसे उशिरा ही त्यांची ओरड जुनी आहे. पण त्याचा भार पेशंटने का उचलायचा?

सोलापूरचं सिव्हिल विसरू नका. गर्दी आहे, तारीख पुढची मिळते, पण काही उपचार योजनेत फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, तेव्हा तिकडेच जावं लागतं. आणि योजनेत कुठंच बसलं नाही तर धर्मादाय हॉस्पिटल बघा. तिथं १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. त्याला उत्पन्नाचा दाखला लागेल, आणि तिथल्या समाजसेवा विभागात भेटायचं.

आता घाईचं. वडिलांना थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर यादी, फोन, मंजुरी काही बघत बसू नका. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर जीवावर बेततं. योजनेतल्या जवळच्या हॉस्पिटलला थेट भरती करा. तातडीच्या केसमध्ये फोनवरून मंजुरी घ्यायची सोय आहे, ते डॉक्टर आणि आरोग्यमित्र बघतात. तुम्ही तोवर घरी कुणाला तरी पाठवून कागद मागवा.

शेवटचं, जे कुणी सांगत नाही. खडा काढल्यावर आत बहुधा एक नळी ठेवतात, स्टेंट म्हणतात तिला. ती काही आठवड्यांनी काढावीच लागते, नाहीतर तिच्यावरच खडे धरतात. भरती होतानाच विचारा की नळी काढायचं याच पॅकेजात आहे की पुन्हा मंजुरी घ्यायची, आणि काढायची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. दुखणं थांबलं की लोक फिरकत नाहीत.