विणकामाच्या सुईचं डिझाइन सुधारायचं असेल तर नेमकं काय बदलावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही सोलापुरात मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्टसाठी हाताने विणायच्या सुईत सुधारणा करायची आहे, आणि मागच्या टोपीत टाके मोजणारा काउंटर व टोकाला एलईडी बसवला तर कसं, असं विचारताय.

नका बसवू. १० नंबरची ३५ सेंमी लांब भरीव ॲल्युमिनियमची सुई जेमतेम ८ ग्रॅम भरते. छोटा (AAA) पेन्सिल सेलच ११-१२ ग्रॅमचा. म्हणजे सुईपेक्षा जड ओझं तुम्ही हातापासून लांबच्या टोकाला टांगणार, आणि ते प्रत्येक टाक्याला एकदा वर-खाली होणार. १२० टाक्यांच्या एका ओळीतच मनगट सांगेल काय ते. बटन सेल हलका असतो, ते ठीक, पण मोजायचं कशासाठी? नुसत्या सुलट विणीत दोन ओळींची एक उभारी येते, त्या उभाऱ्या बोटाने मोजता येतात. ओळी मोजायचा प्लास्टिकचा आकडेवाला मणी बाजारात मिळतोच. उजेड हवा असेल तर दिवा डोक्यावर लावा, सुईत नको.

सुईत खरा घोळ कुठे आहे ते बघायचं असेल तर कॉलेजातला व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) घ्या आणि दुकानातून आणलेली कुठलीही जोडी मोजा. दोन्ही सुया, प्रत्येकी तीन ठिकाणी: टोकाच्या मागे, मध्यावर, टोपीजवळ.

मी हे का सांगतेय, तर आमच्याकडे एक वाद वर्षानुवर्षं चाललाय. माझ्या विणीत उलट बाजूने दर दोन ओळींनंतर एक चर दिसायचा, नांगरल्यासारखा. मोठ्या जाऊबाईंचं ठरलेलं वाक्य: "तुझा उलट टाका ढिला पडतोय गं, सुईत काय असतंय?" ती जोडी मी मोजली. टोपीवर दोन्हींना १०. म्हणजे ३.२५ मिमी हवी. एक भरली ३.३० आणि दुसरी ३.०२. म्हणजे एक सुई १० नंबरची आणि दुसरी जवळजवळ ११ नंबरची, कारण ११ म्हणजे ३ मिमी.

आता हे का महत्त्वाचं, ते नीट समजून घ्या, तुमच्या रिपोर्टात हेच लिहायचंय. टाक्याचा आकार उजव्या हातातली सुई ठरवते, कारण नवा फास तिच्यावर बसतो. एक ओळ सुलट, एक उलट असं सपाट विणताना ओळ संपली की सुया हात बदलतात. म्हणून सगळ्या सुलट ओळी एका सुईवर तयार होतात आणि सगळ्या उलट ओळी दुसरीवर. सुया सारख्या नसतील तर एक ओळ मोठी, एक लहान. माझ्या उलट ओळी ३.३० वर पडत होत्या.

दोष सुईचा की हाताचा हे तपासायची रीत सोपी आहे. ४० टाके घाला, २० ओळी विणा, मग सुयांची अदलाबदल करून आणखी २० विणा. अदलाबदल करताना एक चूक हमखास होते. टाके थेट दुसऱ्या सुईवर सरकवले तर धागा टोपीच्या बाजूला जातो आणि पुढची ओळ सुरूच करता येत नाही. म्हणून आधी एखाद्या बारीक तिसऱ्या सुईवर सरकवायचे, तिथून हव्या त्या सुईवर. दोनदा सरकवले की धागा पुन्हा टोकाशी येतो. चर जसेच्या तसे राहिले, म्हणजे उलट ओळीच मोठ्या राहिल्या, तर दोष हाताचा. माझ्या तुकड्यात २१व्या ओळीपासून चर गायब. तुकडा मी जाऊबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

तर पहिली सुधारणा: जाडीतला फरक. दोन सुयांमध्ये ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक नको, असं मी धरते. तुमच्या व्हर्नियरने हे मोजता येतं.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, टोक. स्वस्त सुईचं टोक पेन्सिल बोथट झाल्यासारखं असतं: जेमतेम ५ मिमीत पूर्ण जाडीला पोचतं, आणि जिथे पोचतं तिथे एक धार राहते. टोक आणि दांडा यांच्यामधल्या या सांध्याला मी खांदा म्हणते. फास टोकावरून दांड्यावर सरकताना खांद्यावर अडतो, मग आपण डाव्या तर्जनीने टोक मागे ढकलतो आणि आठवडाभरात बोटाचं कातडं सोलतं. ३.२५ च्या सुईला १० ते १२ मिमीचा उतार हवा, टोकाची गोलाई साधारण १ मिमी व्यासाची, आणि खांदा असा की डोळे मिटून नख फिरवलं तर कुठे संपला ते कळू नये.

घरच्या घरी हँड ड्रिल पुरेल असं वाटतं, पण अख्ख्या लांबीच्या सुईला ते चालत नाही. सुई कुठल्याही चकमध्ये, म्हणजे पकडणाऱ्या जबड्यांत, धरायची तर आधी तिच्यावर कागदाचे दोन वेढे गुंडाळा, नाहीतर जबड्यांचे वळ ॲल्युमिनियमवर उठतात. बाहेर ४-५ सेंमीच ठेवा. जास्त ठेवलं तर सुई झोके खाते आणि टोक वाकडं घासलं जातं. बाकीचा दांडा ड्रिलच्या चकमागे मावत नाही, हे ते हातात घेतल्यावरच लक्षात येतं. म्हणून सुई टोपीकडून धरून टोक फिरवायचा मोह होतो, तो टाळा, ३० सेंमी सुई फटके मारते. दांडा आरपार जाईल असा लेथ असेल तर उत्तम, नसेल तर सुई लाकडी फळीतल्या खाचेत ठेवून एका हाताने गोल फिरवत दुसऱ्या हाताने कानस चालवा. वेळ लागतो, पण काम सरळ होतं.

बारीक कानस घ्या आणि तिच्यावर आधी खडू घासा. ॲल्युमिनियम मऊ, ते कानशीच्या दातांत भरतं आणि तो भरलेला कण सुईवर खोल ओरखडा काढतो. खडूने दात भरत नाहीत. मग वॉटर पेपर, पाण्यात बुडवून: २२०, ४००, ८००, १५००, याच क्रमाने. एकही पायरी गाळू नका. २२० चा ओरखडा १५०० ने जात नाही, फक्त चकाकतो. शेवटचे पंचवीस-तीस हात मात्र गोल नाही, उभे मारा, टोकाकडून दांड्याकडे. धागा सुईवर लांबीत सरकतो, त्यामुळे आडवा ओरखडा कितीही बारीक असला तरी त्याला दाताप्रमाणे लागतो.

तपासायला कापसाचा बोळा फिरवा, टोकाकडून आणि टोकाकडे, दोन्ही दिशांनी. एक तंतू जरी अडकला तरी परत ८०० वर जा. त्यानंतर जुना नायलॉनचा मोजा ताणून त्यावरून टोक ओढा. आपल्या गावात हे कुणाला वेगळं सांगायला नको. यंत्रमागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या टोकाला जराशी खरवड आली की ताण्याचे उभे धागे पटापट तुटतात, आणि मागवाला आधी धोट्यावर अंगठा फिरवतो. सुईचंही तेच. पण सुई धागा तोडत नाही, पिंजते, म्हणून लक्षात उशिरा येतं.

आणि टोक किती अणकुचीदार? इथे सरसकट उत्तर नाही. लोकर ताणते, सूत ताणत नाही. टॉवेलच्या कारखान्यातलं उरलेलं सूत घेऊन लहान बाळाचं झबलं विणायला बसलात तर घट्ट टाक्यात सुई शिरत नाही, वाटतं टोक अजून बारीक हवं. ते बारीक केलं की कमी पिळाचं सूत मधोमध चिरतं आणि अर्धाच धागा उचलला जातो. सुताला पिळ कमी असेल तर टोक बोथटच ठेवा, उतार लांब करा. पण उतार १५ मिमीच्या पुढे नेऊ नका. ज्यांचा हात घट्ट ते टोकाशीच विणतात, आणि १२ मिमीच्या उताराच्या मध्यावर जाडी २.१ मिमीच असते. टाका तिथे बनला तर तो १० नंबरचा नाहीच.

चौकोनी सुई करून बघावी असं सुचेल, कारण बोटांना पकड मिळते. अशा सुया निघाल्या आहेत. गणित आधी करा. ४ मिमी गोल सुईचा परीघ १२.५७ मिमी. तेवढाच फास चौकोनावर बसायचा तर बाजू ३.१४ मिमी हवी. त्या चौकोनाचा कर्ण ४.४४ येतो, म्हणजे सुईमापाच्या पट्टीतल्या ४ च्या भोकातून ती जाणारच नाही. बाजू ४ मिमी ठेवलीत तर फास १६ मिमीचा, तो ५ मिमीच्या गोल सुईएवढा. यावर कंपनी काय नंबर छापणार?

नंबराचा विषय निघालाच आहे तर, टोपीवर नंबर छापणं आधी बंद करा. आपल्याकडे जुने इंग्लिश नंबर चालतात: आकडा मोठा तेवढी सुई बारीक. अमेरिकेत उलटं. आपली ८ म्हणजे ४ मिमी, त्यांची ८ म्हणजे ५ मिमी. आपली ६ ती त्यांची ८, आपली ८ ती त्यांची ६. फक्त ७ ला दोघांचं जुळतं, ४.५ मिमी. यूट्यूबवर बघून "आठ नंबर" मागणारी बाई दुकानातून एक मिलिमीटर बारीक सुई घेऊन येते आणि स्वेटर अंगात शिरत नाही म्हणून लोकरीला बोल लावते. १०० टाके दर १० सेंमीला २० पडले तर रुंदी ५० सेंमी, २२ पडले तर साडेपंचेचाळीस. मिलिमीटरचा आकडा दांड्यावर, टोपीपासून २ सेंमीवर, कोरून टाका. टोपी निखळते, छापलेली शाई घामाने जाते.

घामाचं म्हणाल तर सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर. दिवाळीला पुण्याच्या नातवाचं स्वेटर तयार हवं तर विणायचं त्याच दिवसांत. ओलसर हाताला ॲक्रिलिकचा धागा प्लास्टिकच्या सुईवर चिकटतो आणि करकरतो. बांबू हाताला बरा, पण बारीक बांबूच्या टोकाला कुसळ निघतं. मेणबत्तीचं नाही, मधमाशीचं मेण चोळून फडक्याने पुसलं की कुसळ बसतं. ३ मिमीखाली मी बांबू वापरत नाही, मोडतो. तिथे स्टील. त्याच्या वजनाची भीती घालतात, ती ४ मिमीच्या ३५ सेंमी सुयांना खरी आहे: ॲल्युमिनियम १२ ग्रॅम तर स्टील ३४ च्या आसपास. बारीक आखूड सुयांना नाही.

खरं तर वजनाचा प्रश्न सर्क्युलर सुईने, म्हणजे मध्ये लवचिक वायर असलेल्या दोन आखूड सुयांच्या जोडीने, कधीच सोडवलाय. सरळ सुईवर स्वेटरची अख्खी पाठ मनगटातून लांब टांगलेली असते, सर्क्युलरवर ती मांडीवर पडते. सपाट विणायलाही तीच वापरा. टोपी नाही, त्यामुळे बसमध्ये शेजारणीच्या पदरात अडकतही नाही. तिच्यात सुधारायला दोनच गोष्टी आहेत, वायर आणि सांधा. वायर गुंडाळीतच राहते, ती अर्धा मिनिट कढत पाण्यात बुडवून ताणून धरली की सुटते. सांध्यावर नख अडकत असेल तर ती सुई परत करा. सांधा स्क्रूचा असेल तर तो विणता विणता सैल होतो आणि त्या फटीत टाके अडकतात. सांध्याजवळच्या बारीक भोकात पिन घालून आवळायचा असतो, नुसत्या बोटाने नाही. न सैल होणारा सांधा तुम्ही लेथवर करून दाखवलात तर तो प्रोजेक्ट मी स्वतः बघायला येईन.

टोक घासायला बसण्याआधी एक राहिलं. ॲल्युमिनियमच्या सुईवर वरून राखाडी थर असतो, कानशीने तो जातो, आणि उघडं ॲल्युमिनियम पांढऱ्या लोकरीला काळं लावतं. साबणाने धुतल्यावर कमी होतं, पूर्ण जात नाही. घासलेली जोडी गडद रंगांसाठी ठेवा. ५-६ मिमीच्या पुढच्या सुया बहुधा पोकळ असतात, त्यांना कानस लावूच नका, भोक पडेल.

आणि त्या तुकड्याबद्दल. दोष फक्त सुईचा असता तर अदलाबदलीनंतर चर तेवढेच दिसायला हवे होते, एवढंच की आता सुलट ओळी मोठ्या आणि उलट लहान. ते गायब झाले. याचा अर्थ ०.२८ मिमीचा फरक माझ्या हाताने बरोबर भरून काढला, म्हणजे उलट टाका थोडा ढिला पडतो खरा. पुष्कळ जणींचा पडतो, आणि त्यावर उपाय हाच, उलट ओळीला एक नंबर बारीक सुई. ती बिघडलेली जोडी मी टाकलेली नाही. ३.०२ च्या टोपीला लाल दोरा बांधलाय, ती उलट ओळीची. जाऊबाईंनी दोरा कसला म्हणून विचारलं, मी खूण आहे एवढंच सांगितलं.