आधी मुनीमजींची वही वाचा

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. लातूरला तुमच्या वडिलांची डाळ मिल आहे, हंगामात तीस-पस्तीस माणसं कामाला असतात. दीड वर्षापूर्वी तुम्ही पुण्याच्या एका कंपनीकडून साडेसहा लाखांचं ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेतलं. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, हिशोब सगळं त्यात आहे, पण आज त्यातून फक्त विक्रीची बिलं निघतात. मुनीमजी अजून लाल वहीतच लिहितात, वडील म्हणतात पैसे पाण्यात गेले, आणि तुम्ही विचारताय की सॉफ्टवेअर बदलू की मुनीमजी बदलू?

दोन्ही बदलू नका, निदान या वर्षी तरी नको. आधी तीन दिवस मुनीमजींच्या शेजारी बसा आणि ती वही वाचा. पानं नुसती चाळू नका. प्रत्येक नोंद कशासाठी केली, ती नंतर कोण विचारायला येतं, हे शेजारी कोऱ्या कागदावर लिहून काढा. तुमच्या साडेसहा लाखांचं उत्तर त्या कागदावर मिळेल, असं मी खात्रीनं सांगते.

मी २००१ साली वाळूजला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरला लागले आणि तिथूनच धंद्यात अशा संगणक प्रणाली बसवून देण्याच्या कामात आले. गेली पंधरा वर्षं जालना, लातूर, नांदेड या भागातल्या मिल, जिनिंग आणि बियाण्यांच्या धंद्यांत हेच करते. पहिला धडा वाळूजचाच. नवीन प्रणाली १ एप्रिलला सुरू करायची ठरली. सुरुवातीचा साठा आम्ही ऑडिटच्या यादीवरून भरला, तो मीच भरला होता. आमच्या स्टोअरकीपर काकांकडे एक खिशातली डायरी होती. ग्राहकाकडून परत आलेले, दुरुस्तीला लावलेले भाग कोणत्या रॅकवर आहेत ते त्यात असायचं. त्या भागांसाठी प्रणालीत जागाच केली नव्हती, आणि काकांना कुणी विचारलंही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात गेटवर गाडी उभी, स्क्रीनवर अठराशे नग, आणि रॅकवर चांगले नग अकराशे. दोष काकांवर गेला, "हे जुने लोक सहकार्य करत नाहीत" म्हणून. ते मला आजही लागतं, कारण खरा साठा त्या दिवशी फक्त त्यांच्या डायरीत होता.

तुमच्या मिलमध्ये ही डायरी म्हणजे वाळवण असणार, असा माझा अंदाज आहे. तुरीला रोलर मारून, तेलपाणी लावून ढीग घातला जातो, मग ती वाळवणावर जाते, मग भरडली जाते. ऊन कसं आहे त्यावर तीन दिवस, चार दिवस. एवढे दिवस तो माल ना तूर असतो ना डाळ. तुमच्या ईआरपीत बहुतेक दोनच वस्तू असतील, कच्चा माल तूर आणि पक्का माल डाळ. मग मुनीमजींनी ती वाळवणावरची तूर मांडायची कुठं? लातूर जिल्ह्यातल्याच एका मिलमध्ये मुनीमजी मला म्हणाले होते, "ताई, तुमच्या मशीनला वाळवणावरचा माल दिसतच नाय. मालक विचारायलेत किती हाय, मी काय सांगू?" आम्ही मध्ये दोन टप्पे घातले, 'तेलपाणी झालेली' आणि 'वाळवणावर'. सॉफ्टवेअरवाल्याला ते करायला एक दिवस लागला. त्यानंतर त्या मुनीमजींनी स्वतःहून रोजचे आकडे भरायला दिले.

वहीत अशा गोष्टी आणखी निघतील. दुसऱ्या मिलला उसना दिलेला बारदाना. हमालांनी घेतलेली उचल. तोंडी सौदा, ज्यात माल आज आला पण भाव ठरायचाय. आपल्या काट्यातला आणि समोरच्याच्या काट्यातला फरक. करातही असंच असतं. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या डाळीला २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी लागला, त्याहून मोठ्या कट्ट्याला नाही. म्हणजे डाळ तीच, पण २५ ची पिशवी भरली तर एक हिशोब आणि ३० चा कट्टा भरला तर दुसरा. एका ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये 'तूर डाळ' ही एकच वस्तू आणि एकच दर होता. मुनीमजी प्रत्येक बिल हातानं दुरुस्त करत होते आणि मालकांना वाटत होतं की यांना संगणक जमत नाही.

फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकी संशोधकानं १९८९ साली एक साधी गोष्ट मोजून दाखवली. माणूस नवीन यंत्रणा वापरतो की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: ती माझ्या कामाला उपयोगी आहे असं त्याला वाटतं का, आणि ती वापरायला सोपी वाटते का. या दोन्हींत उपयोगाचं वजन जास्त भरलं. आपण मात्र सगळा जोर सोपेपणावर लावतो, मराठी स्क्रीन, मोठी अक्षरं, पुन्हा एकदा ट्रेनिंग. हे सगळं असावंच. पण मुनीमजींचं एकही काम त्या ट्रेनिंगनं हलकं होत नसेल तर चौथ्या ट्रेनिंगनंतरही वही उघडीच राहील.

आता वडिलांबद्दल. हे तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण माझ्या मते खरी किल्ली इथंच आहे. वडील दिवसातून दहा वेळा मुनीमजींना विचारत असतील, "अमक्याचं किती येणं आहे? गोदामात फटका डाळ किती?" मुनीमजी वही उघडून सांगतात. जोवर मालक वहीतून उत्तर मागतो, तोवर वही बंद होत नाही, मग कितीही मोठं सॉफ्टवेअर आणा. धंद्यात तीच नोंद ठेवली जाते जी मालक बघतो. म्हणून वडिलांना सगळं ईआरपी शिकवायला जाऊ नका. ते रोज विचारतात ते पाच प्रश्न लिहून घ्या आणि सकाळी नऊ वाजता त्यांच्या मोबाईलवर त्या पाच उत्तरांचं एकच पान येईल अशी सोय करा. पहिले काही दिवस आकडे चुकतील. चुकले की वडील चिडतील, आणि त्यांनी चिडायलाच हवं, कारण त्यामुळंच आकडे दुरुस्त होतात.

मुनीमजींच्या मनात दुसरी भीती असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. तीस वर्षं या माणसाशिवाय मालकाचं पान हललं नाही. तेच उत्तर मोबाईलवर यायला लागलं तर त्यांचा मान कुठं राहणार? या भीतीला तुम्ही मोकळेपणानं उत्तर द्या. बीकॉम झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी टायपिंगला ठेवा. साठ वर्षांच्या माणसाला माऊस धरायला लावण्यात काही मिळत नाही. पण दिवसाअखेर आकडे पास करायचा अधिकार मुनीमजींचा, त्यांनी हो म्हटल्याशिवाय दिवस बंद व्हायचा नाही. उताऱ्याचा अहवालही त्यांच्याकडेच द्या. शंभर किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते, बाकी चुनी, भुसा, खंडा आणि घट. कोणत्या बाजारातली, कोणत्या आडत्याकडची तूर घेतली तेव्हा उतारा किती पडला, हे सौद्यानुसार आतापर्यंत कुणीच मांडून बघितलेलं नसणार, कारण वहीत ते जुळवायला दोन दिवस जातात. एक-दोन किलोचा फरक दिसला तरी वर्षाच्या खरेदीवर तो किती होतो ते वडिलांना सांगायची गरज पडणार नाही. माझ्या अनुभवात मुनीम मंडळी संगणकाच्या बाजूनं पहिल्यांदा झुकतात ती इथं, कारण भाव ठरवताना त्यांच्या शब्दाला वजन येतं.

एक जुनी गोष्ट सांगते, ती तुमच्या वडिलांना नक्की पटेल. न्यूयॉर्कला एडिसनचं वीजकेंद्र १८८२ साली सुरू झालं. तरी अमेरिकेतल्या कारखान्यांना विजेचा मोठा फायदा दिसायला १९२० चं दशक उजाडलं. पॉल डेव्हिड या अर्थतज्ज्ञानं १९९० साली याचं कारण मांडलं आणि ते संगणकाला लावून दाखवलं. सुरुवातीला लोकांनी वाफेचं इंजिन काढलं आणि त्याच जागी एक मोठी मोटर बसवली. सगळ्या यंत्रांना फिरवणारा वरचा लांब शाफ्ट तोच, पट्टे तेच, यंत्रांची मांडणी तीच. पुढं प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली, शाफ्ट निघाला, आणि माल जसा पुढं सरकतो तशी यंत्रं मांडता आली, तेव्हा कुठं उत्पादन वाढलं. आपल्याकडे ऑइल इंजिनवरची, पट्ट्यांची गिरणी ज्यांनी बघितलीय त्यांच्या डोळ्यांसमोर हे लगेच येईल. तुम्हीही सध्या शाफ्ट तसाच ठेवून मोटर बसवली आहे. काट्याची पावती कागदावर, ती वहीत उतरवायची, वहीतून संध्याकाळी संगणकात. तीनदा लिहिलेलं वजन तीन ठिकाणी चुकू शकतं.

म्हणून सुरुवात काट्यापासून करा, बाकी सगळं नंतर. गाडी काट्यावर उभी राहिली की वजन थेट प्रणालीत जावं आणि पावती तिथूनच छापून निघावी. इलेक्ट्रॉनिक काटा संगणकाला जोडणं हे आता अवघड काम राहिलेलं नाही. हा एक टप्पा दीड महिना नीट चालला की मग वाळवण, मग बारदाना. उत्पादनाचं मॉड्यूल विकत घेतलंय म्हणून ते लगेच चालू करायलाच हवं असं नाही.

वेळ मात्र नीट निवडा. सीए मंडळी १ एप्रिल सुचवतात, त्यांच्या दृष्टीनं ते सोयीचं आहे. पण जानेवारी ते मार्च तुरीची आवक जोरात, माणसं दमलेली, साठा तुडुंब. अशा वेळी सुरुवातीचा साठा मोजणार कोण? माझं मत जुलै-ऑगस्टचं. गोदाम हलकं असतं, मोजणी दोन दिवसांत होते, आणि नवी तूर येईपर्यंत चुका निस्तरायला पाच महिने मिळतात. अमेरिकेतली हर्शी ही चॉकलेटची बलाढ्य कंपनी. त्यांच्या नव्या प्रणालीला चार वर्षं लागतील असा अंदाज होता, त्यांनी ती अडीच वर्षांत बसवायचं ठरवलं आणि १९९९ च्या जुलैत, म्हणजे हॅलोविन या त्यांच्या गोडाधोडाच्या सणाच्या ऑर्डरी यायच्या तोंडावर, सुरू केली. माल गोदामात पडून होता आणि जवळपास १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पाठवता आल्या नाहीत. त्यांचा जुलै म्हणजे आपला जानेवारी, एवढंच लक्षात ठेवा.

वही आणि संगणक दोन्ही सोबत चालवायची मुदत आजच ठरवा. सहा आठवडे, दर शनिवारी प्रत्यक्ष मोजणी, वहीचा आकडा आणि स्क्रीनचा आकडा शेजारी शेजारी. शेवटचे तीन शनिवार जुळले की साठ्याची वही बंद. मुदत नसेल तर दोन्ही कायम चालतात, आणि ती अवस्था नुसत्या वहीपेक्षा वाईट, कारण भांडण झालं की प्रत्येकजण आपल्या सोयीचा आकडा दाखवतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वही मात्र पूजेत ठेवा, आणि शेजारी संगणकही ठेवा. मुनीमजींच्या हातानं दोन्हींना हळदकुंकू लागू द्या. ही सूचना मी अगदी मनापासून करतेय.

बाकीचं झटपट. सगळे एकाच पासवर्डनं आत जात असतील तर तो आजच बंद करा, प्रत्येकाचा वेगळा हवा. नोंद कुणी, कधी बदलली याचा माग ठेवणारी सोय चालू ठेवा. कंपन्यांना हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. तुमची भागीदारी फर्म असेल तर सक्ती नाही, तरी ठेवा, मुनीमजींचंच त्यात रक्षण आहे. बॅकअप त्याच टेबलाच्या खणात पेनड्राइव्हवर असेल तर तो मोजूच नका, एक प्रत मिलच्या बाहेर हवी, आणि महिन्यातून एकदा ती उघडून बघायची. लाइट गेली तर काट्याचा संगणक चालू राहील एवढा इन्व्हर्टर हवाच. आणि पुण्याच्या कंपनीला पत्र लिहून विचारा: उद्या करार संपला तर आमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये आम्हाला मिळेल का? याचं उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले, तर सॉफ्टवेअर बदलायचा विचार तेव्हा करू.

तुमचा काटा संगणकाला जोडता येईल असा आहे का, आणि वाळवणावरचा माल सध्या कोण मोजतं, एवढं इथं कळवा. वहीची तीन दिवसांची यादीही टाका, नावं झाकून. कोणती नोंद प्रणालीत कुठं बसेल ते मी ओळीनं सांगते.