गजकर्ण ट्यूब लावली की जातं आणि दुपटीने परत येतं. कायमचा इलाज काय?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर जांघेत आणि कमरेला गजकर्ण आहे. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की तीन दिवसांत खाज थांबते, सोडली की आठवड्याभरात दुपटीने उठतं. आता पोटावर आलंय आणि बायकोलाही सुरू झालंय. रक्त खराब असल्यामुळे हे होतं का आणि कायमचं कसं जाईल, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

रक्ताचं आधी सांगते, ते चटकन संपेल. गजकर्णाचा आणि 'रक्त खराब' असण्याचा काही संबंध नाही. गजकर्ण म्हणजे बुरशी. ती कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात, नखात आणि केसात जगते, कारण तिचं खाणं केराटिन, म्हणजे कातडी, नखं आणि केस ज्याचे बनतात ते प्रथिन, आणि ते तिथेच मिळतं. रक्तात ती उतरत नाही, त्यामुळे रक्तशुद्धीच्या काढ्याने मरतही नाही. रक्ताची एक तपासणी मात्र मी सांगते, साखरेची. मधुमेह ताब्यात नसला की बुरशी हटता हटत नाही.

आता ट्यूबबद्दल, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

मी चौदा वर्षं तालुक्याच्या गावात त्वचारोगांचा दवाखाना चालवते. पेशंट आत आला की 'किती दिवस झाले' हे मी नंतर विचारते, आधी विचारते 'काय काय लावलंत?' मग खिशातून किंवा पर्समधून टूथपेस्टसारखी शेवटपर्यंत पिळलेली ट्यूब निघते. पुढे मोठ्या अक्षरांत नाव, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटक. त्यात बुरशीचं एक औषध असतं, जंतूंचं एक असतं आणि त्यांच्याबरोबर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असतं. हे शेवटचं म्हणजे स्टिरॉइड. तुमची ट्यूब आत्ता हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. वर्षभराची खाज तीन दिवसांत थांबते म्हणता, त्यावरून मला क्लोबेटासॉलचीच दाट शंका येते. बाहेरून लावायच्या स्टिरॉइडमध्ये ते सगळ्यात जहाल.

यात होतं काय ते नीट समजून घ्या. लाली, फोड, खाज ही आपल्या शरीराने बुरशीशी मांडलेली लढाई असते. गजकर्णाची गोल कड उठावदार दिसते, कारण लढाई तिथे चालू असते. मधला भाग शरीराने जिंकलेला असतो, बुरशी बाहेर बाहेर सरकत असते आणि कडेवर तिला अडवलं जात असतं. स्टिरॉइड ही लढाईच थांबवतं. लाली जाते, खाज जाते, तुम्हाला वाटतं रोग गेला. बुरशी मात्र तिथेच असते आणि आता तिला अडवणारं कुणी नसतं. भुंकतंय म्हणून कुत्र्याला कोंडून ठेवावं आणि चोर घरात मोकळा फिरावा, असा प्रकार. ट्यूब सोडली की शरीर जागं होतं, पण तोवर बुरशी जांघेतून पोटावर पोचलेली असते.

अशा पेशंटमध्ये गजकर्णाची ओळखच पुसली जाते. कड दिसत नाही, नुसता विटकरी, अंधूक पट्टा दिसतो. कधी वर्तुळात वर्तुळ, पाण्यात खडा टाकल्यासारखं. रूप बदललेल्या या गजकर्णावर ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्र सरकारने बाहेरून लावायची १४ स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी काउंटरवर 'खाजेचं काहीतरी द्या' म्हटलं की हीच ट्यूब पुढे येते, हे मी रोज बघते आणि मला त्याचा खरोखर संताप येतो. भोगतो तो पेशंट. जांघेची कातडी मुळात पातळ, त्यात ओलावा, घडी, घर्षण, त्यामुळे तिथे स्टिरॉइड जास्त मुरतं. वर्षभरात कातडी सिगारेटच्या कागदासारखी होते आणि गर्भारपणात पोटावर पडतात तशा जांभळट रेघा उमटतात. त्या रेघा पुढे पांढऱ्या पडतात, पण पुसल्या जात नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट, ती ट्यूब आज बंद करा. बंद केल्यावर आठ-दहा दिवस खाज आणि लाली भडकेल. ती भडकणार हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर चौथ्या रात्री तुम्ही पुन्हा तीच ट्यूब शोधाल. तेवढ्यापुरतं खाजेच्या गोळीवर आणि थंड पाण्याच्या घडीवर निभतं. एक अपवाद आहे. कुणी ही ट्यूब चेहऱ्याला महिनोन्‌महिने लावत असेल तर त्याने ती स्वतःच्या मनाने एकदम सोडू नये, चेहरा फार भडकतो. तिथे डॉक्टर हळूहळू उतरवतात.

दुसरी गोष्ट, हे गजकर्णच आहे का याची खात्री. गेल्या पावसाळ्यात एक रिक्षावाले दादा आले होते. दिवसभर रेक्झिनच्या सीटवर बसून, घामाने पँट ओली. दोन वर्षं ट्यूब चालू. बघून काहीच ठरवता येत नव्हतं, कड पार गेलेली. त्यांना म्हटलं दोन आठवडे काही लावू नका, मग या. ते आले तेव्हा मांडीवर बोटभर लांबीची एक कड परत उमटली होती. त्या कडेवर मी बोथट ब्लेड हलकं घासलं. पिठासारखा कोंडा काचपट्टीवर पडला. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा एक थेंब, वर पातळ काच, आणि पंधरा मिनिटं थांबलो. या द्रावणात कातडीच्या पेशी विरघळत जातात, बुरशी टिकून राहते. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते काचेच्या दोऱ्यासारखे धागे, मध्ये मध्ये पेर असलेले, फाटे फुटलेले, पेशींच्या रेषा ओलांडून सरळ गेलेले. दादांना म्हटलं, लावा डोळा. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मॅडम, म्हणजे हे अजून जिवंत आहे?" त्या दिवसापासून त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. ही तपासणी स्वस्त आहे, तिथल्या तिथे होते, आणि माझ्या मते स्टिरॉइड लावलेल्या प्रत्येक पेशंटची व्हायला हवी.

कारण जांघेतलं सगळंच गजकर्ण नसतं. तपकिरी, सपाट, फारसा न खाजणारा पट्टा असेल तर तो जंतूंमुळे होणारा एरिथ्राझ्मा असू शकतो. वुड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात तो पोवळ्यासारखा लाल चमकतो, आणि त्याचं औषध वेगळं. रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे आणि घरात सगळेच खाजवतायत, तर खरूज धरून चालायचं. तिथे घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री परमेथ्रिन हे खरजेचं औषध अंगाला लावलं तरच ती जाते. आणि एक गोष्ट मी कुणालाही सांगितल्याशिवाय राहत नाही: चट्टा फिकट आहे, खाजत नाही, आणि कापसाने स्पर्श केला तर कळत नाही, तर गजकर्णाची ट्यूब लावत वेळ घालवू नका. तो कुष्ठरोगाचा चट्टा असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि लवकर सुरू केलं तर हातापायांची बोटं शाबूत राहतात.

इलाजाचं सांगायचं तर, तुमच्यासारख्या पसरलेल्या, जुन्या गजकर्णाला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. टर्बिनाफिन किंवा इट्राकोनाझोल ही त्यातली मुख्य. शिकत असताना आम्ही टर्बिनाफिन दोन आठवडे द्यायचो आणि पेशंट बरा व्हायचा. आता दोन महिनेही लागतात, कधी त्याहून जास्त. भारतात पसरलेली ही बुरशी बदलली आहे. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर घाव घालतं त्याच्या जनुकातच फरक झालाय, त्यामुळे अनेकांमध्ये ते औषध लागू पडत नाही. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी भारत आणि नेपाळहून आलेल्या पेशंटमध्ये ती सापडल्यावर २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं नाव दिलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन पेशंटमध्ये ती सापडल्याचं अमेरिकेने जाहीर केलं. आपल्या देशाचं नाव एका हट्टी बुरशीला लागलंय, याचं मला फार वाईट वाटतं. आम्हा बऱ्याच त्वचारोगतज्ज्ञांचं मत असं की हे पसरण्यात या खिचडी ट्यूबांचा आणि अर्धवट सोडलेल्या कोर्सचा मोठा हात आहे.

औषधांची नावं सांगितली ती मेडिकलमधून थेट आणण्यासाठी नाहीत. इट्राकोनाझोल हृदय कमजोर असलेल्यांना चालत नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही, आणि यकृताकडे लक्ष ठेवावं लागतं. बायको गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगाच. कॅप्सूल जेवल्याबरोबर घ्यायची, तिला पोटातलं आम्ल लागतं. सकाळी अॅसिडिटीची गोळी आणि वर ही कॅप्सूल घेतली की औषध अंगी लागत नाही, आणि 'गुण येत नाही' म्हणून येणाऱ्यांत असे बरेच निघतात. मलम लावाल ते नुसतं बुरशीचं, स्टिरॉइड नसलेलं, आणि कडेच्या बाहेर दोन बोटं जागा धरून. दिसणाऱ्या कडेच्या पुढे बुरशी आधीच गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे औषध चालू ठेवायचं. कोर्स नेमका इथे सुटतो, कारण खाज थांबली की माणूस विसरतो.

लसूण वाटून बांधू नका, त्याने कातडी भाजते, असे फोड मी पाहिलेत. टाकळ्याचा पाला गावाकडे लावतात, त्याला संस्कृतात चक्रमर्द, म्हणजे चक्र मोडणारा, असं नाव आहे. लोकांना त्याचा भरवसा का वाटतो ते मला समजतं, पण एवढ्या पसरलेल्या रोगावर त्यावर विसंबू नका. पावसाळ्यात भाजी करून जरूर खा.

घरातलं आता. कमरेला करदोडा आहे का? असेल तर काढा. एका काकूंचं गजकर्ण आठ महिने परकराच्या नाडीच्या रेषेतच परत परत येत होतं. गोळ्या बरोबर, मलम बरोबर. शेवटी लक्षात आलं की नाडीखाली काळा करदोडा आहे, आंघोळीनंतरही दिवसभर ओला. तो काढायला त्या तयार नव्हत्या, सासूबाईंनी बांधलेला होता. मी त्यांना म्हटलं, तीन महिने देवापाशी ठेवा, बऱ्या झालात की नवा बांधा. तसं केलं आणि गेलं. तुमच्या घरात टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. आतले कपडे सुती, सैल, रोज गरम पाण्यात धुतलेले, उलटे करून उन्हात वाळवलेले. पावसात ऊन नसेल तर शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. घट्ट जीन्स काही महिने बाजूला. आंघोळ झाली की जांघ कोरडी पुसायची आणि मगच कपडे. पायाच्या बोटांच्या बेचक्या आणि नखंही दाखवा, बुरशी तिथे दडून बसते आणि चड्डी घालताना पुन्हा जांघेत येते.

बायकोला बरोबर न्या आणि दोघांचा इलाज एकाच दिवशी सुरू करा. मुलांच्या डोक्यात कुठे केस तुटून टक्कल पडल्यासारखं असेल तर तेही दाखवा. जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. त्यावरून डॉक्टरांना अर्धी गोष्ट कळते. ओशाळू नका, असे पेशंट आम्ही रोज बघतो.

गजकर्ण गेल्यावर तिथे काळपट डाग राहील, कित्येक महिने. त्यावर कड नसेल, कोंडा नसेल, खाज नसेल, तर तो नुसता डाग आहे आणि आपोआप फिका होतो. तो घालवायला पुन्हा मेडिकलमध्ये जाऊन ट्यूब मागू नका.