नवी लेन्स नको, आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा

तुम्ही लिहिलंय की सुट्टीच्या दोन दिवसांत त्याच समुद्रकाठच्या गावी वरचेवर जाता, दर वेळी तीन-चारशे फोटो काढता आणि घरी येऊन पाहिलं की सगळे सारखेच दिसतात: मधोमध क्षितिज, वर केशरी आकाश, खाली मळकट वाळू. मग आता वाइड लेन्स, म्हणजे जास्त रुंद दृश्य मावणारी लेन्स, घ्यावी का?

माझं मत, एवढ्यात घेऊ नका. त्याच जागी पुन्हा पुन्हा जाता येतंय हीच तुमच्याकडची मोठी गोष्ट आहे, ती अजून वापरली गेलेली नाही.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. या शनिवारी सूर्योदयाला पाणी पायरीपर्यंत आलेलं असेल, तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी ओहोटी असणार, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा भरती. तुम्ही दर पंधरा दिवसांनी जात असाल तर दर वेळी जवळपास तोच समुद्र बघताय! एकदा मधला आठवडा धरून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरतीचं पाणी जास्त वर चढतं आणि ओहोटीला जास्त लांब हटतं. एरवी बुडालेले खडक, वाळूवरच्या लाटांच्या रेघा, चिखलात कलंडलेल्या होड्या हे सगळं तेव्हाच मिळतं. फक्त खडकांवर गेलात तर पाणी परत कधी फिरणार ते आधी बघून ठेवा आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका.

मला स्वतःला ओहोटीनंतरची ओली वाळू सगळ्यात प्रिय आहे. तिच्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यात आकाश उतरतं. इथे पोलरायझर, म्हणजे चकाकी आणि प्रतिबिंबं कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, काढून ठेवा, नाहीतर नेमकं ते प्रतिबिंबच पुसलं जाईल. मी कितीतरी महिने तो फिल्टर चढवूनच फिरत होतो आणि वाळू अशी निर्जीव का येते ते कळत नव्हतं.

वाळू मळकट येण्याचं दुसरं कारण कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे उजेड मोजून फोटो किती उजळ काढायचा ते ठरवणारी यंत्रणा. समोर उजळ वाळू किंवा पांढरा फेस भरलेला असला की मीटर त्याला मध्यम करडं करू पाहतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करायची सेटिंग) +0.7 ते +1 करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, उजव्या कडेला आपटत नाही ना ते बघा. सूर्य फ्रेममध्ये असेल तर मात्र हे करू नका, तिथे आकाश पांढरं पडू देऊ नका आणि रॉमध्ये (नंतर उजळपणा सुधारायला जास्त वाव देणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. आकाश आणि पाणी यांच्या उजेडातला हा फरक फार जुनं दुखणं आहे. 1850च्या दशकात गुस्ताव्ह ले ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राच्या काही चित्रांत आकाशाची एक निगेटिव्ह आणि पाण्याची दुसरी अशा दोन जोडून प्रिंट काढले होते.

लाटेसाठी शटर 1/1000 सेकंद उघडं ठेवलं की थेंब गोठतात. पण मागे सरकणाऱ्या पाण्याच्या रेघा हव्या असतील तर अर्धा ते एक सेकंद पुरे. तीस सेकंदांत सगळ्याचं धुकं होतं, ते मला फारसं आवडत नाही. ट्रायपॉडचे पाय आधी वाळूत दाबून घ्या, आणि परतल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

लेन्सवर खारे तुषार बसले की कोरड्या कापडाने घासू नका. शर्टाच्या टोकाने पुसून माझ्या एका फिल्टरवर कायमचे ओरखडे पडलेत. आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) वाळूचे कण उडवा, मग किंचित ओलसर कापडाने पुसा. वारा असताना किनाऱ्यावर लेन्स बदलूच नका.

आणि सूर्य बुडाला की लगेच बॅग आवरू नका. पुढच्या वीस-तीस मिनिटांत आकाश निळं होतं, धक्क्यावरचे आणि घरांतले दिवे लागतात, आणि थोडा वेळ दोन्हींचा उजेड एकमेकांशी जुळतो. त्या वेळी समुद्राकडे नाही, गावाकडे तोंड करून उभे राहा. त्यासाठी परतीची गाडी उशिराची घ्यावी लागली तरी घ्या.